अनुपान

‘एरंडेल’ हा शब्द नुसता कानावर पडला तरी माझे तोंड आजही वाकडे होते. लहानपणी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आजी सुंठीच्या कढत काढ्यात एरंडेल घालून वाटी पुढे करी. माझ्याहून सात वर्षांनी मोठी असलेली ताई नाक दाबून ते एका घोटात पिऊन टाकी आणि मी माळ्यावर दडून बसे. मग ताईच मला शोधून काढी, हाताला धरून खाली आणी आणि वाटी रिकामी झाली की माझ्या तोंडात गुळाचा खडा घाली. आजीचे एक ठरलेले वाक्य असे, “नुसत्या औषधाने काय होते? अनुपान नीट हवे!” सितोपलादी मधातून, एरंडेल सुंठीतून. औषध ज्याच्या सोबतीने पोटात जाते, ते अनुपान.

एरंडेलाची आणि माझी पुन्हा भेट होईल, असे काही मला वाटले नव्हते. ती झाली गेल्या वर्षी उन्हाळ्यात, एका रुग्णालयात, ताईच्या खाटेशी.

ताईला स्तनाचा कर्करोग झाला होता. हे वाक्य आज मी सहज लिहून गेलो; पण तेव्हा ते आमच्या घरात कुणाच्याच तोंडून फुटत नव्हते. हाताला लागलेली गाठ ताईने चार महिने लपवून ठेवली. शेवटी माझ्या पत्नीच्या कानात सांगितले, तेही “ह्याला कळू देऊ नकोस,” अशी अट घालून. मी मराठीचा प्राध्यापक! शृंगारिक लावण्या आणि पंडिती काव्यातली नायिकावर्णने साठ मुलामुलींपुढे न अडखळता शिकवतो. पण सख्ख्या बहिणीला “गाठ कुठे आहे?” एवढे विचारायला माझी जीभ रेटली नाही. सगळे आपले ‘ते दुखणे’ म्हणत राहिलो.

शस्त्रक्रिया झाली आणि पुढे शिरेतून द्यायची औषधे सुरू झाली. त्यांतल्या एकाचे नाव पॅक्लिटॅक्सेल. ते पहिल्यांदा दिले, त्या दिवशी पाचसात मिनिटांतच ताईचा चेहरा लालबुंद झाला, श्वास कोंडला आणि तिने माझे मनगट घट्ट आवळून धरले. सिस्टर धावत आल्या, नळी बंद केली. तिचा श्वास पुन्हा लागेपर्यंतची ती काही मिनिटे मी जन्मात विसरणार नाही.

“दोष बहुधा औषधाचा नाही,” डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. “ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून एरंडेलापासून तयार केलेल्या एका द्रवात आणि अल्कोहोलात मिसळून देतात. तो द्रव काहींना सोसत नाही. आधी ॲलर्जीची औषधे देतो ती त्यासाठीच. तरी कधी कधी असे होतेच.”

ताई अजून धापत होती. तशातही हसून म्हणाली, “म्हणजे इथेही एरंडेलच का?”

त्या रात्री मला झोप येईना. मी वाचत बसलो आणि वाचता वाचता थेट नंदुरबारला पोचलो! १९६२ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून यू नावाच्या झाडाची साल तपासणीसाठी गोळा केली गेली. तिच्यातले हे द्रव्य वेगळे काढून त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडली ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी. यांतले वाणी नंदुरबारचे. अमेरिकेत जाण्यापूर्वी ते मुंबईत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. पुढे १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी या द्रव्याची करामत उलगडली. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा मांडव उभा राहतो आणि कार्य उरकले की मोडतो. हे औषध तो मांडव मोडूच देत नाही. पेशीचे कार्य अडते आणि ती मरते. एवढे गुणी द्रव्य; पण पाण्याशी त्याचा जन्माचा अबोला! १९९४ साली स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, तरी एरंडेलाचे लोढणे गळ्यात होतेच.

ते लोढणे काढण्याची युक्ती आपल्या रक्तातच होती. पाण्यात न विरघळणारे पदार्थ शरीरभर वाहून नेण्याचे काम रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन निमूटपणे करीत असते. शास्त्रज्ञांनी हे औषध त्याच्याच हवाली केले. दोघांचे मिळून बनलेले कण सुमारे १३० नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे सहाशेएक कण ओळीने मावतील. या औषधाला अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली. रोग पसरलेल्या साडेचारशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत जुन्या रूपाने १९ टक्के जणींचा रोग आटला होता, नव्याने ३३ टक्के जणींचा. तीन तासांचे काम अर्ध्या तासावर आले. औषध मात्र तेच! बदलले ते अनुपान.

ताईला डॉक्टरीणबाईंनी हेच दिले. नळी सुरू होताच तिने विचारले, “आज अनुपान कोणते रे?”

“माणसाच्या रक्तातले,” मी म्हणालो. “कोणा अनोळखी माणसाने दिलेले.”

ती गप्प झाली. मग बाटलीकडे पाहून तिने हळूच हात जोडले. त्या अर्ध्या तासात तिचा श्वास एकदाही अडला नाही.

याला जादू म्हणू नये, हेही मला तिथेच कळले. ताईचे केस गेले ते गेलेच. बोटांना आलेली बधिरता तर या नव्या रूपात अधिक जणींना सोसावी लागते. असे सूक्ष्म कण नेमके गाठीतच जाऊन पोचतात, हेही पुरते खरे नाही. २०१६ साली प्राण्यांवरच्या बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा शिरेतून दिलेल्या कणांपैकी शंभरातला एक भागही सहसा गाठीपर्यंत पोचत नाही, असे दिसले. वाट अजून लांबची आहे.

आणि आमच्या घरातली वाट? ती चार महिन्यांची होती, आणि तिथे तर प्रयोगशाळेचीही गरज नव्हती. शब्द सगळ्यांना ठाऊक होता; तो पोचवायला मायेचा एक प्रश्न पुरला असता. तेवढे अनुपान माझ्याजवळ नसावे?

भाऊबीजेला ताई आली. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. ओवाळण्यापूर्वी तिने माझ्या मुलीला जवळ बसवले आणि सगळ्यांदेखत, अगदी वरणाला फोडणी कशी द्यावी ते सांगावे तशा आवाजात सांगितले, “कधी स्तनात गाठ लागली, तर त्याच दिवशी आईला सांगायचे. नाहीतर बाबाला. लाजायचे नाही.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. “हो, मला सांग,” मी म्हणालो. जीभ अडली नाही.

मग ताईने निरांजन उचलले. तबकातल्या अक्षता मात्र तिच्या बधिर चिमटीत येईनात. मी त्या माझ्या तळहातावर घेतल्या आणि हात तिच्यापुढे धरला.