लाल चिऱ्याचं सुर्ला

सुर्ला म्हटलं की पुण्यातले मित्र विचारतात, “ते महादेवाचं देऊळ आहे तेच ना?” ते तांबडी सुर्ला, काळ्या दगडातल्या कदंबकालीन देवळाचं. माझं आजोळ असलेलं सुर्ला डिचोली तालुक्यातलं, लोहखनिजाच्या खाणींचं. इथे रस्ता लाल, पावसाचं पाणी लाल आणि धुवायला टाकलेले आमचे कपडेही लाल.

यंदा मे महिन्यात गेले, तेव्हा घरात एकच विषय होता. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं, असं मामाच्या मनात होतं. मामेभावाला दर्शनी भिंतीला ‘नॅचरल लूक’च्या टाइल्स हव्या होत्या. चिऱ्याचं घर पाडायचं आणि नव्या भिंतीला चिऱ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल्स चिकटवायच्या!

चिरा म्हणजे जांभा दगड. जमिनीतून कापताना मऊ असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो. विटेसारखी भट्टी लावावी लागत नाही. तरी फ्रान्सिस बुकननने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात, केरळात पाहिलेल्या या दगडाला नाव दिलं ते लॅटिनमधल्या विटेवरूनच : लॅटेराइट. त्याचा लाल रंग लोखंडाचा. ज्या लोखंडासाठी इथले डोंगर खणले, जे बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगावला आणि पुढे जपानपर्यंत गेलं, तेच थोडंसं आमच्या भिंतीत राहिलं आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तेव्हा मामाचा ट्रक अंगणातच उभा राहिला. घराला हात लावायला पैसे जमले ते आत्ता.

गवंड्याने भिंती ठोकून पाहिल्या. चिरे ठणठणीत होते. वाळवी लागली होती ती वाशांना. ओल धरली होती ती जिथे मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा केला होता तिथेच. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटखाली ती कोंडते. तोरड्याला जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेलं ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालय मी मामेभावाला दाखवून आणलं. उघडा चिरा पाहून तो टाइल्सबद्दल पुन्हा बोलला नाही.

नवे चिरे आणून बांधू, असंही कोणी सुचवलं. पण चिरेखाणीही जमिनीत चौकोनी खड्डे सोडून जातात. माझ्या मते सगळ्यात पर्यावरणपूरक चिरा म्हणजे भिंतीत आधीच बसलेला.

मामीला मात्र हे कौतुक पटेना. “दर वर्षी घर शाकारायला माणूस मिळत नाही. पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधायचे, ते कोण बांधणार? तू येणार आहेस?” तिचं खरंच होतं. जुन्या घराचं सौंदर्य पाहुण्यांना दिसतं, केरसुणी तिच्या हातात असते.

शेवटी ठरलं ते असं : भिंती राहतील, गिलावा खरवडून चुन्याचा करायचा, वाशांच्या जागी लोखंडी पाइप, त्यावर उतरवलेली मंगळुरी कौलंच परत. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मामीच्या मनासारखं, स्लॅबचं. आणि तिची अट : मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या भाचरांनी शाकारायला हजर राहायचं. फ्रिजवर लावलेल्या यादीत माझं नाव पहिलं आहे.