आभाळातून रिंग पडली, भरपाई कोण देणार?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपुरात आमच्या वस्तीच्या विहारात जयंतीची मीटिंग चालू होती. वर्गणीवरून नेहमीची हुज्जत. तेवढ्यात पोरं ओरडली म्हणून बाहेर धावलो. आभाळात जळते तुकडे रांगेने, सावकाश चालले होते. उल्का इतकी सावकाश जात नाही. शेजारची आजी म्हणाली, "काही चांगलं नाही बाप्पा हे." एकाने तर क्षेपणास्त्र म्हणून स्टेटसही टाकला.

रात्री बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची रिंग पडली. त्या भागात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तज्ज्ञांच्या मते हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी रॉकेटचा वरचा टप्पा होता.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना विज्ञान समजावलं. पृथ्वीजवळच्या कक्षेतही विरळ हवा असते, तिच्या घर्षणाने निकामी उपग्रह आणि रॉकेटचे सांगाडे खाली खाली येतात. बराचसा भाग जळतो, टायटॅनियम आणि पोलादाचे तुकडे उरतात. वेग सेकंदाला ७ किलोमीटरहून जास्त. म्हणजे वेळेच्या अंदाजात एका तासाची चूक झाली, तर जागा २५ हजार किलोमीटरहून जास्त चुकते! आपल्या इस्रोने ७ मार्च २०२३ रोजी मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह इंधन राखून ठेवून प्रशांत महासागरावर उतरवला. म्हणजे ते जमतं. खर्च करायची तयारी हवी.

पण धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी विचारलं, "अन् आमच्या टिनावर पडलं असतं, तं पैसे कोण देते?" मी गप्प.

मग वाचलं. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या देशाने सोडलं, त्याने जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई द्यायची. चूक सिद्ध करायची गरज नाही. पण या करारानुसार दावा देशाने करायचा, माणसाने नाही. मुदत १ वर्ष. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला कॉसमॉस-९५४ कॅनडाच्या उत्तरेत, आदिवासींच्या मुलखात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. दोन सरकारांत.

आता विचार करा. तलाठी, तहसील, कलेक्टर, मग मुंबई, मग दिल्लीचं परराष्ट्र खातं. अ‍ॅट्रॉसिटीच्या भरपाईसाठी ज्यांनी समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना हा रस्ता समजावून सांगायला नको. आणि अतिक्रमणाच्या जागेवरचं घर असेल, तर पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच येईल.

असं डोक्यावर पडण्याची शक्यता फार कमी आहे, हे मी मावशींनाही सांगितलं. तरी पोरांनो, गावात असं काही पडलं तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन असू शकतं. लांबून फोटो काढा, तहसीलला कळवा आणि पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी मागा.