उत्तम क्षमा आणि बगदादमधले चौघे



क्षमावाणीच्या दिवशी आपले फोन कसे भरून जातात ते सांगायला नको. हात जोडलेली चित्रं, कमळं, वर चार ओळी. वर्षभर ज्यांच्याशी बोलणंसुद्धा झालं नाही अशा माणसांची आपण माफी मागतो, आणि जिच्याशी खरोखर वाजलंय त्या जावेला तेवढा निरोप जात नाही. यंदा आमच्या स्वाध्याय गटात उत्तम क्षमा धर्मावर बोलायची पाळी माझ्यावर आली. पुराणातल्या कथा सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून मी बगदादची सांगितली. काहींना पटली, काहींना मुळीच नाही. तेव्हा इथे सविस्तरच लिहिते.

२६ नोव्हेंबर २००५. इराकमध्ये युद्ध पेटलेलं. बगदादच्या रस्त्यावर एक गाडी अडवून बंदूकधाऱ्यांनी चार जणांना पळवून नेलं. नॉर्मन केंबर हे लंडनचे ७४ वर्षांचे निवृत्त प्राध्यापक. टॉम फॉक्स अमेरिकन, क्वेकर पंथाचे, आधी वीस वर्षं सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेले. जेम्स लोनी कॅनडाचे. आणि चौथा हरमीतसिंग सूदन, शीख घरातला, ३२ वर्षांचा, न्यूझीलंडमध्ये शिकणारा. हे चौघे ‘ख्रिश्चन पीसमेकर टीम्स’ या संस्थेबरोबर तिथे होते. संस्थेचा नियम असा की शस्त्र बाळगायचं नाही, सशस्त्र पहारा घ्यायचा नाही, आणि पळवून नेलं तरी आपल्याला सोडवण्यासाठी कुणी हिंसा करायची नाही. हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

ते करायचे काय? ज्या इराकी घरांतले पुरुष अमेरिकन सैन्याने उचलून नेले होते, त्या घरी जाऊन बसायचे. कोणाला कधी नेलं, कुठे ठेवलं, काय हाल केले, ते बायकामुलांकडून ऐकून लिहून घ्यायचे. अबू गरीब तुरुंगातली छायाचित्रं २००४ मध्ये जगाने पाहिली, पण त्याआधीच या लोकांनी तिथल्या छळाच्या हकीकती गोळा करून सरकारपुढे मांडल्या होत्या.

पळवणाऱ्यांनी मुदत दिली, सगळे इराकी कैदी सोडा नाहीतर यांना मारू. एका चित्रफितीत केंबर आणि फॉक्स नारिंगी कपड्यांत दिसले. ग्वांतानामोच्या तुरुंगातल्या कैद्यांना अमेरिकेने घातले होते त्याच रंगाचे.

आणि मग विनंत्या सुरू झाल्या. माझं मन या गोष्टीत सगळ्यात जास्त इथे रेंगाळतं.

आपल्याकडे ‘शब्द टाकणं’ म्हणतात ना, तसं. लग्नात, नोकरीत, भांडणात आपण कोणासाठी तरी शब्द टाकतो. पण तो टाकताना आपली स्वतःची पत पणाला लागते, म्हणून सहसा आपल्याच माणसासाठी टाकतो. इथे उलटं झालं. ब्रिटनमधल्या मुस्लिम संघटनेने अनस अल-तिक्रिती यांना बगदादला पाठवलं. जन्माने इराकी असलेला हा माणूस, बॉम्ब फुटत असलेल्या शहरात, एका ख्रिश्चन म्हाताऱ्यासाठी दारोदार गेला. पॅलेस्टाइनमध्ये लोक त्यांच्यासाठी फलक घेऊन रस्त्यावर उतरले, कारण या संस्थेची माणसं हेब्रॉनमध्ये दहा वर्षं त्यांच्या शेजारी राहत होती. ग्वांतानामोतून सुटून आलेल्या मोअज्जम बेग यांनी विनवलं. इतकंच काय, ज्याच्यावर दहशतवाद्यांना चिथावल्याचे आरोप होते तो अबू कतादा, इंग्लंडच्या तुरुंगात बसून म्हणाला की यांना सोडा.

अबू कतादाचं नाव घेतल्यावर गटात कुजबुज झाली. असल्या माणसाचा शब्द हवा कशाला? मला विचाराल तर हवा. पळवणारे ज्याचं ऐकण्याची शक्यता आहे त्यानेच बोललं पाहिजे, सज्जनांनी सज्जनांना विनवून काय होणार? आणि हे सगळे बोलले ते केंबर यांचा धर्म आवडला म्हणून नव्हे. आमच्या कैद्यांसाठी हे लोक बोलले होते, एवढंच त्यांना माहीत होतं.

तरीही टॉम फॉक्स वाचले नाहीत. फेब्रुवारीत त्यांना इतरांपासून वेगळं नेलं आणि ९ मार्च २००६ ला त्यांचा मृतदेह बगदादमध्ये सापडला. २३ मार्चला ब्रिटिश सैनिकांच्या तुकडीने एका घरात शिरून उरलेल्या तिघांना सोडवलं. पहारेकरी पळालेले, एकही गोळी झाडली गेली नाही.

आता इथे आमचा खरा वाद झाला. शस्त्र नको म्हणणाऱ्यांना शेवटी शस्त्रधाऱ्यांनीच सोडवलं की! तेव्हा ब्रिटनमध्येही हेच बोललं गेलं. लष्करप्रमुख माइक जॅक्सन यांनी या लोकांकडून कृतज्ञता दिसत नाही अशी खंत बोलून दाखवली. केंबर मायदेशी उतरले तेव्हा म्हणाले की सशस्त्र बळाने टिकाऊ शांती येते असं मला वाटत नाही, पण सोडवणाऱ्यांच्या धैर्याला मान देतो आणि त्यांचे आभार मानतो. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला संकल्पी पूर्ण सोडायची असते. स्वतःच्या किंवा आश्रिताच्या रक्षणासाठी घडते ती विरोधी, ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, हे आपल्या आचार्यांनी ओळखलं. मला तरी केंबर यांच्या बोलण्यात विसंगती दिसत नाही. ज्याने दार उघडलं त्याचे आभार मानायचे, आणि तरी आपलं व्रत सोडायचं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिघे लंडनला एकत्र आले आणि आम्ही आमच्या अपहरणकर्त्यांना विनाअट क्षमा करतो, असं त्यांनी जाहीर केलं. पकडलेल्या आरोपींविरुद्ध साक्ष द्या असा आग्रह पोलिसांकडून होत होता. इराकमध्ये असल्या गुन्ह्याला फाशी होऊ शकत होती. लोनी यांनी साक्ष द्यायला नकार दिला. महिनोन्महिने साखळीने बांधून ठेवलेला माणूस म्हणतो, माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाने कोणाच्या गळ्यात दोर पडायला नको.

यावर गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू बोलल्या. त्या कमी बोलतात. म्हणाल्या, “जे वाचले त्यांनी स्वतःच्या हालांची क्षमा करावी. मेलेल्याच्या वतीने कोणी करायची?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी एवढंच सांगू शकले की फॉक्स यांनी अपहरणाच्या आदल्याच दिवशी एक टिपण लिहिलं होतं. समोरच्याला माणूस मानणं आपण सोडतो तिथेच हिंसेकडे पहिलं पाऊल पडतं, असं त्यात आहे. आपल्याला इजा करणाऱ्याला शिक्षा म्हणूनसुद्धा हिंसा नको, हे त्यांच्या संस्थेच्या निवेदनातही होतं. काकूंनी मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही. अंथऊची वेळ झाली होती, सगळ्या उठल्या.

पुढच्या रविवारी विरोधी हिंसेवरच वाचन ठेवलंय. काकू येणार आहेत. तुमच्या गावातल्या गटात काय मतं पडतात तेही कळवा.