म्हसवडच्या माळावरची कोकरे

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी अशी वाट धरली आणि गोंदवले मागे टाकले, की मुलूख उघडाबोडका होऊ लागतो. ऊस केव्हाच संपलेला असतो. राहतात ते मुरमाड माळ, बोरी-बाभळी आणि उन्हात तापलेली कुसळे. हाच रस्ता पुढे पंढरपूरला जातो. पण वाचकहो, तुम्ही म्हसवडला उतरा. शेजारून माणगंगा वाहते. वाहते म्हणायचे ते पावसाळ्यापुरतेच. एरवी वाळूच अधिक. सह्याद्रीच्या पाठीमागचा हा प्रदेश. वर्षाला जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, आणि त्याचाही भरवसा नाही. अशा रानात शेतीपेक्षा मेंढीने माणूस अधिक जगवला, यात नवल नाही.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, इथे सिद्धनाथाचा रथ निघतो. माणदेशातला धनगर समाज या यात्रेला लोटतो. या दिवसांत मेंढ्यांच्या वाड्यांवर डोकवा. जाळीच्या आत नुकतीच जन्मलेली कोकरे लडबडत असतात. कर्ते पुरुष कळप घेऊन रानात गेलेले, आणि मागे कोकरांचे सारे बायकांच्या हाती. कोणते कोकरू पिते, कोणते उपाशी राहिले, कोणत्या मेंढीने पिलू झिडकारले, हे त्यांना पाहताक्षणी समजते.

एके काळी म्हसवड घोंगडीसाठी नावाजलेले होते. आता लोकरीला भाव उरला नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही. पैसा आहे तो कोकराच्या वजनात. म्हणून जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी इकडेही शिरली. उंच पाय, पोपटासारखे बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, आणि लोकरीपेक्षा केसच म्हणावे असे आखूड, विरळ अंगरखे. 2020 च्या डिसेंबरात आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकाने तरीही तो दिला नाही, ही बातमी देशभर गाजली. तेव्हापासून मोठ्या मेंढ्याचे वेड अधिकच वाढले.

मेंढा चांगला असावा, हे खरेच. पण बापाकडून कोकराला मिळते ती वाढण्याची ताकद. वाढ होते ती आईच्या पोटात आणि आईच्या दुधावर. मेंढीचे गाभणपण सुमारे पाच महिन्यांचे. त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातले कोकरू झपाट्याने वाढते. याच दिवसांत मेंढी उपाशी राहिली, तर कोकरू हलके जन्मते आणि कासेतही दूध कमी उतरते. अडीच-तीन किलोचे कोकरू आणि दीड किलोचे कोकरू यांच्यात पुढे महिनोन् महिने अंतर राहते. कित्येकदा हलके कोकरू पहिला आठवडाच ओलांडत नाही.

इथे म्हसवडचे ऊन आडवे येते. आषाढ-श्रावणात फळलेली मेंढी मार्गशीर्ष-पौषात विते. तिला पावसाळ्याचा हिरवा चारा मिळालेला असतो, पाठोपाठ पिकांची धसकटे मिळतात आणि हवाही थंड असते. पण जी ज्येष्ठात विते तिचे अखेरचे दिवस वैशाखात जातात. तेव्हा माळावर चारा नसतो. उन्हाने मेंढी चरणे सोडते, धापा टाकते. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे अधिक धावते आणि गर्भाशयाला कमी पडते. विरळ केसांची मेंढी हे ऊन लोकरवालीपेक्षा बरे सोसते, पण रिकामे पोट तिलाही सोसत नाही. शिवाय पुढे पावसाळ्याचा चिखल आणि जंत कोकराची वाट पाहत असतातच.

माणच्या उत्तरेला लागूनच फलटण. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ मेंढी तयार केली. जुळ्यांनी उत्पन्न वाढते; पण जुळ्यांतले प्रत्येक कोकरू एकट्यापेक्षा हलके असते आणि एकाच कासेवर दोघांना जगायचे असते. तेव्हा दोन कोकरांची हौस असेल, तर दोघांपुरता चारा आधी जमवावा.

मग करावे काय? कळपात मेंढा बारा महिने मोकळा सोडू नका. हंगाम साधून सोडा. अखेरचे सहा आठवडे गाभण मेंढीला रोज पाव किलोभर मक्याचा भरडा आणि पेंड द्या. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यासाठी साठवा. शेवरी-सुबाभळीचा पाला तोडून आणा. दुपारी सावली आणि पाणी चुकवू नका. विण्यापूर्वी काही आठवडे मेंढीला आंत्रविषाराची लस टोचली, तर तिचे संरक्षण चिकातून कोकराला मिळते. म्हणून जन्मताच, तासाभरात, चीक पाजा. पंधरा-वीस दिवसांनी कोकरू पाला हुंगू लागते. तेव्हा त्याच्यापुरत्या फटीचे कुंपण करून आत थोडा भरडा ठेवा, म्हणजे मोठ्या मेंढ्या तो खाणार नाहीत. पहिलटकरणीच्या कोकरावर अधिक नजर ठेवा. तिला दूध बेताचेच असते.

महामंडळाचा मेंढी-शेळी प्रक्षेत्र दहिवडीलाच आहे; जाता-येता तिथे चौकशी करावी. आणि पुढच्या वर्षी मोठ्या मेंढ्यासाठी पैसे गाठीला बांधाल, तेव्हा त्यातले थोडे आधी पेंडीच्या पोत्यासाठी बाजूला काढा. ते पोते कोणत्या मेंढीपुढे रिकामे करायचे, हे घरातल्या बाईला विचारा.