डवली

नावाहो लोक भोपळ्याच्या पळीला ज्या शब्दाने ओळखतात, त्याचा मूळ अर्थ ‘शिंग’. त्यांचे पूर्वज उत्तरेत शिंगाच्या पळ्या वापरत. दक्षिणेत भोपळा हाती आला, शब्द तोच राहिला, असं एडवर्ड सपीर यांनी १९३६ साली अलास्का-कॅनडातल्या अथाबास्कन भाषांशी ताडून मांडलं.

मालवणच्या आजीची डवली करवंटीची, आईची स्टीलची, नाव एकच. इथे अलास्कात माझी लेक तिला ‘स्पून’ म्हणते.

आदिशब्द बांधायला आम्हाला निदान दोन भाषांची साक्ष लागते. घरात साक्षीदार मी एकटीच.

काल आमटी वाढताना म्हटलं, “डवली दे गं.” ती क्षणभर थांबली. मग बरोबर तीच उचलली.