टोचायचं की पाजायचं?

दर्यापूरला आमच्या काकाजींकडे पाच ढोरं आहेत. दोन बैल, एक दुभती गाय, दोन कालवडी. पोळ्याच्या आठवड्यात मी तिथे होतो तेव्हा घरात एकच वाद चालू होता: जंताचं औषध टोचायचं की पाजायचं? काकाजींचं मत पक्कं. "अबे, सुई टोचली का मोकळं. पाजाले तीन मानसं लागते, अन् अर्धं औषध सांडते."

त्यात तथ्य आहे. ज्यांनी कधी बैलाला औषध पाजलेलं नाही (म्हणजे आपण सगळे हिंजवडीवाले) त्यांच्यासाठी सांगतो. एकाने वेसण धरायची, दुसऱ्याने जबडा, तिसऱ्याने नळीने गालाच्या कडेतून हळूहळू औषध सोडायचं. मान फार वर केली की औषध श्वासनळीत जातं, आणि जंत राहिले बाजूला, न्यूमोनिया उभा.

मग सुईच बरी? थांबा. सुईतलं औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. भन्नाट औषध आहे, ते शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. गोल जंत आणि उवा दोन्ही साफ. पण यकृतातल्या चपट्या जंतांवर, पट्टकृमीवर त्याचं काही चालत नाही. दुधात उतरतं, म्हणून गाय बाद. शिवाय शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्या मारतं.

पाजायचं आल्बेंडाझोल जास्त प्रकारचे जंत मारतं, पण एका कालवडीचं महिन्यापूर्वीच रेतन झालेलं. सुरुवातीच्या गाभणपणात ते दिलं तर वासरालाच धोका.

नेटवर शोधलं तर सगळं अमेरिका-ऑस्ट्रेलियाचं. तिथे मांसासाठी शेकडो जनावरं, म्हणून पाठीवर ओतायचं औषध, सगळ्यांना एकदम, आणि मग किती किलो वजन वाढलं त्याचा हिशोब. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. इथे बैल वखर-डवऱ्यासाठी, आणि असतात दोन. पण त्याचाच एक फायदा आहे राव: पाचही ढोरं एकेक करून तपासता येतात!

आधी वजन. मोठ्या बैलाचं काकाजींनी अंदाजे सांगितलं, "तीनशे किलो असंन." टेप घेतली. छातीचा घेर ६८ इंच, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी ५६. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर ३९२ किलो! तीनशेच्या हिशोबाने दिलं असतं तर मात्रा कमी पडली असती. अशा कमी मात्रेत नेमके चिवट जंत वाचतात आणि पुढची पैदास त्यांचीच होते.

मग शेण. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, पण आमचं काम तालुक्याच्या दवाखान्यातच झालं. पाच डब्या, पाच नावं, ताजं शेण. (डब्या कुठून आणल्या हे काकूला विचारू नका.) गाभण कालवडीत गोल जंतांची अंडी भरपूर, मोठ्या बैलात चपट्या जंतांची. तो नाल्याकाठी चरतो, आणि हे जंत पसरतात पाणथळीतल्या गोगलगायींमधून. बाकी तिघांत नावापुरती.

डॉक्टरांनी कालवडीला फेनबेंडाझोल दिलं, ते गाभण जनावराला चालतं. बैलाला ऑक्सिक्लोझॅनाइड. दोन्ही पाजायचीच. बाकीच्यांना यावेळी काहीच नाही.

दोन आठवड्यांनी कालवडीचं शेण परत द्यायचंय. अंडी तेवढीच निघाली तर औषधाचा गट बदलावा लागेल.