सोपे फटके

आमच्या जिमखान्याच्या फायलीत माझं एक पत्र आहे. २००३ सालचं, दोन पानी, टाइप केलेलं. बिलियर्ड्स रूममध्ये पूलचं एक टेबल आणावं असा तरुण सभासदांचा अर्ज आला होता, त्याला विरोध करणारं. पूल हा खेळ नव्हे, करमणूक आहे. नऊ फुटी टेबल आणि तोंडं वासलेली पॉकेट्स आणून आपण या खोलीची परंपरा घालवू नये, असं मी त्यात लिहिलं होतं. कमिटीत माझ्या शब्दाला वजन होतं. टेबल आलं नाही. ते पत्र मला परत घ्यायचं आहे, आणि का घ्यायचं आहे ते नीट सांगायचं आहे.

त्या विरोधामागे माझी खरी श्रद्धा होती. स्नूकर जन्मला तो आपल्या जबलपुरात, लष्करी मेसमध्ये, १८७५ साली. बिलियर्ड्सचा जगज्जेता झालेला पहिला भारतीय, विल्सन जोन्स, हा पुण्यात जन्मलेला. १९५८ साली कलकत्त्याला त्यानं ते पद जिंकलं, त्याच सुमारास माझा जन्म. मायकेल फरेरा १९७७ साली जगज्जेता झाला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि क्यू हातात धरायला नुकता शिकलो होतो. बारा फुटी टेबल, अरुंद पॉकेट, इस्त्री फिरवलेलं हिरवं लोकरी कापड, हे सगळं मला देवघरासारखं वाटायचं. पूलमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. चेंडू मोठा, सत्तावन्न मिलिमीटरचा, आणि तो जिथे जायचा ते पॉकेट जवळजवळ त्याच्या दुप्पट रुंद. स्नूकरचा चेंडू साडेबावन्नचा, पण त्याचं पॉकेट इतकं अंग चोरलेलं की कडेला जरा घासला की चेंडू बाहेर थरथरत उभा राहतो. जिथे पॉट करणं सोपं, तिथे कसब कसलं? माझा मुद्दा एवढाच होता, आणि तो मला बिनतोड वाटत होता.

त्या खोलीत एक मार्कर होते. ज्यांनी जिमखाने पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, पण तेवढंच नाही. कापडाला ब्रश मारायचा, इस्त्री करायची, पावसाळ्यात कापड जड झालं की पुन्हा करायची, क्यूला टिप बसवायची, सभासदाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं. मी १९८८ साली सभासद झालो तेव्हापासून ते होते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना 'मार्कर' म्हणायचो आणि 'अरे-तुरे' करायचो. मीही करायचो. आठवड्यातून तीन संध्याकाळी, सोळा-सतरा वर्षं मी त्यांच्याशी खेळलो आणि बहुतेक वेळा थोडक्यात जिंकलो. पूलचं टेबल न आल्यामुळे तरुण मंडळी दुसरीकडे जाऊ लागली. दोनपैकी एक टेबल निघालं, आणि एका टेबलाला पूर्ण वेळ मार्कर कशाला, म्हणून त्यांची नोकरी गेली. माझ्या पत्राचा आणि या नोकरीचा संबंध मी तेव्हा लावला नाही.

२०१६ च्या जुलैत भाच्याला आणायला मी कर्वे रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीतल्या पूल पार्लरमध्ये गेलो. पहिला मजला, चार टेबलं, पावसानं ओल्या छत्र्यांचा ढीग. शेवटच्या टेबलावर पोरांचं कोंडाळं होतं. मधे आमचे ते मार्कर उभे होते. पोरं त्यांना 'मामा' म्हणत होती. त्यांनी मला ओळखलं, 'या साहेब,' म्हणाले आणि पुन्हा टेबलाकडे वळले.

एट-बॉल चालला होता. समोरच्या मुलानं चेंडू फोडून, दोन-तीन पॉट करून डाव सोडला होता. मामांचे पट्ट्यांचे सातही चेंडू टेबलावर. त्यातला नऊ नंबर काळ्याला चिकटून, कुशनच्या जवळ, असा की त्याला कुठलंच पॉकेट दिसत नव्हतं. मामा टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. मग चौदा नंबर मधल्या पॉकेटात गेला आणि व्हाइट जागच्या जागी थांबला. अकरा नंबर कोपऱ्यात, इतका हळू की पडेल की नाही असं वाटावं. आणि व्हाइट फूटभर पुढे सरकून, झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावावा तसा नऊ नंबरला लागला. नऊ काळ्यापासून सुटला. पुढचे पाच आणि शेवटी काळा, हे सगळं पाहताना मला काहीच विशेष वाटलं नाही. एकही लांबचा पॉट नव्हता, एकदाही रेस्ट लागली नाही. व्हाइट दीड-दोन वितींच्या पलीकडे गेला असेल तो एकदाच.

मी भाच्याला म्हणालो, "यात अवघड काय होतं? सगळे सोपे फटके."

मामांनी ऐकलं. रागावले नाहीत. म्हणाले, "खरंय साहेब. तुम्ही खेळून बघा." आणि पॉकेटांतून चेंडू काढून त्यांनी तो डाव पुन्हा मांडायला घेतला. स्वतःचे सात, समोरच्याचे उरलेले, काळा, व्हाइट. कुठेही न थांबता, ताटात पदार्थ वाढावेत तसे, प्रत्येक आपल्या जागी. शेवटी डोकं टेबलाच्या पातळीला नेऊन एका डोळ्यानं पाहिलं आणि नऊ नंबर नखानं केसभर सरकवला. स्नूकरमध्ये 'मिस' दिली की चेंडू पूर्वीच्या जागी ठेवावे लागतात. ते काम त्यांनी माझ्यासमोर शेकडो वेळा केलं होतं. ती त्यांची नोकरीच होती, म्हणून त्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी चौदा नंबर पॉट केला. व्हाइट थांबायच्या ऐवजी वीतभर पुढे गेला आणि अकरा नंबर तीनच्या आड गेला. मामांनी पुन्हा मांडलं. दुसऱ्या खेपेला चौदा जमला, अकराही पडला, पण फटका जरा जोरात बसला. नऊ नंबर भलतीकडे उडाला आणि व्हाइट काळ्याला जाऊन चिकटला. तिसऱ्यांदा नऊ अलगद सुटला, पण मी तेरा नंबरच्या चुकीच्या बाजूला उभा होतो. पॉट सोपाच होता. मात्र त्यानंतर व्हाइट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाणार हे मला मारण्याआधीच दिसत होतं, आणि ते टाळण्याचा काही उपाय माझ्यापाशी नव्हता. त्यांनी पाच वेळा मांडलं. पाचही वेळा मी सोपे चेंडू पॉट करत करत अडचणीत गेलो. पोरं गप्प होती. कुणी हसलं नाही, आणि त्यासाठी मी त्या पोरांचा आजही ऋणी आहे.

घरी आलो, झोप लागेना. चाळीस वर्षं हा खेळ खेळणाऱ्या माणसाला त्या रात्री कळलं की मोठ्या टेबलानं आपल्याला आडोसा दिला होता. स्नूकरमध्ये दहा फुटांवरचा पॉट चुकला की चूक अंतराची, पॉकेटाची, हवेची. पूलमध्ये पॉट जवळजवळ फुकट मिळतो. मग तुमच्या हाती उरतो फक्त व्हाइट, आणि तो कुठे थांबतो याचा दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. शिवाय टेबल लहान आणि चेंडू मोठे, म्हणजे गर्दी. सणाच्या आदल्या दिवशी तुळशीबागेतून कुणाला धक्का न लावता जावं, आणि ज्याला लावायचा त्यालाच लावावा, असं ते काम आहे. मामांचे सगळे फटके सोपे होते, कारण प्रत्येक फटका त्यांनी आधीच्या फटक्यात सोपा करून ठेवला होता. अवघड फटक्याला टाळ्या वाजवणारा मी, ज्याच्यावर अवघड फटक्याची वेळच येत नाही त्याचा खेळ मला दिसलाच नव्हता.

मग मी वाचायला, पाहायला लागलो. अमेरिकेत विली मॉस्कोनीनं १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी सलग ५२६ चेंडू पॉट केले, एकही न चुकता. तो विक्रम पासष्ट वर्षं टिकला. पूर्वी हा आकडा ऐकून मी म्हटलं असतं, पॉकेट मोठी होती. आता वाटतं, ५२६ वेळा व्हाइट हवा तिथे थांबला. सहा वेळा स्नूकरचा जगज्जेता ठरलेला स्टीव्ह डेव्हिस पुढे पूलकडे वळला आणि मॉस्कोनी कप जिंकणाऱ्या युरोपच्या संघात १९९५ आणि २००२ मध्ये खेळला. त्याला पूल हलका वाटला नव्हता. मी मात्र पुण्यात बसून त्याला हलका ठरवला. आणि फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस! १९९९ साली नाइन-बॉलचा जगज्जेता झालेला हा माणूस मनिलात काकाच्या पूल हॉलमध्ये वाढला. हॉलमध्ये पडेल ते काम करायचं, रात्री टेबलावरच झोपायचं, आणि उंची पुरत नाही म्हणून सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर उभं राहून खेळायचं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मनिला आलीच नाही. आली ती आमची बिलियर्ड्स रूम, आणि सगळे सभासद गेल्यावर दिवे मालवण्याआधी एकटाच टेबलाशी उभा असलेला एक माणूस. त्याला मी किती तरी वेळा निघता निघता पाहिलं होतं. तो खेळत असेल असं मनातही आलं नव्हतं.

मी दर बुधवारी पार्लरला जाऊ लागलो. एकदा नाइन-बॉलमध्ये दोन नंबर आठच्या मागे पूर्ण झाकलेला होता. नाइन-बॉलमध्ये सगळ्यात लहान आकड्याच्या चेंडूला आधी लागावंच लागतं, नाही तर व्हाइट समोरच्याच्या हातात जातो आणि तो हवा तिथे ठेवतो. मामांनी कडेच्या लाकडावरचे पांढरे ठिपके पाहिले, ओठांत काही पुटपुटले, आणि व्हाइट तीन कुशन फिरून दोनला मागून लागला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वजाबाकी आहे साहेब." व्हाइट निघतो त्या ठिपक्याचा आकडा, त्यातून पहिल्या कुशनवर मारायच्या ठिपक्याचा आकडा वजा, की तिसऱ्या कुशनवर कुठे पोचणार ते येतं. पाचातून तीन गेले, दोनवर. "पण नव्या कापडावर चेंडू घसरतो, पावसात अडतो. तो हिशेब हाताचा." वही नाही, कागद नाही. मी त्यांना विचारलं, "हे तुम्ही कधी शिकलात?" तोंडातून 'तुम्ही' गेलं ते दोघांनाही ऐकू आलं. त्यांनी उत्तर एवढंच दिलं, "सगळे गेल्यावर वेळ असायचा."

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती मला सर्वांत जड जाते. एका बुधवारी मामा एका नवशिक्या मुलाशी खेळत होते. सातवी-आठवीतला असेल. मी फक्त व्हाइटकडे पाहत बसलो, आता मला तेवढं पाहता येऊ लागलं होतं. मामा दोन-तीन पॉट करायचे आणि चौथा चुकवायचे. चुकवताना व्हाइट बरोबर त्या मुलाच्या चेंडूसमोर, सरळ रेषेत, हात पोचेल असा थांबायचा. दर वेळी. त्या मुलाला वाटत होतं, आज आपला खेळ लागलाय. त्याचा चेहरा फुलला होता. तो चेहरा मी ओळखला.

घरी माझी एक वही आहे. त्यात माझे स्नूकरचे ब्रेक, म्हणजे एका खेपेत सलग मिळवलेले गुण, लिहिलेले आहेत, तारखेसकट. सगळ्यात मोठा त्रेसष्ट, ऑगस्ट १९९६. तो मी कितीतरी लोकांना सांगितला आहे.

मुलगा गेल्यावर मी मामांना विचारलं. "माझा त्रेसष्टचा ब्रेक आठवतो?"

"आठवतो ना. त्या दिवशी सकाळपासून पाऊस. दोनदा इस्त्री मारली होती कापडाला. तीन लाल काळ्याच्या खाली अडकले होते."

"ते कुणी सोडवले?"

ते चॉक घासत राहिले. मग म्हणाले, "पॉट तुम्हीच केले होते, साहेब. सगळे. मी बघत होतो."

गेल्या आठवड्यात मी कमिटीला नवं पत्र दिलं. हातानं लिहिलेलं, अर्ध्या पानाचं. २००३ चं माझं म्हणणं चुकीचं होतं, पूलचं टेबल यावं, आणि ते आलं तर त्यावर शिकवायला कुणाला बोलवावं, एवढं त्यात आहे. मामांना हे सांगितलं तेव्हा ते आता सत्तरीपार आहेत, गुडघे दुखतात, असं म्हणाले. येईन म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पॉकेटात हात घालून त्यांनी चेंडू काढायला सुरुवात केली आणि तो पहिल्या दिवशीचा डाव मांडला. चौदा मधल्या पॉकेटाशी, अकरा कोपऱ्याशी, नऊ काळ्याला चिकटून. मग क्यू माझ्या हातात दिला आणि बाजूला सरकले.